मिरच्यांच्या शेजारी कॉम्प्युटर

मी एकदा कॉम्प्युटर उन्हात वाळत घातला होता. गच्चीवर, सुपात, मिरच्यांच्या शेजारी. हे मी सांगितलं की घरातले आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे पाण्यात पडला होता का गं आजी?" नव्हता पडला. चांगला कोरडा ठणठणीत होता. तरी घातला. त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. कळायचं काही नाही, आणि आपल्याला कळत नाही हे दुसऱ्याला कळू नये म्हणून धडपड केवढी!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला मुलींच्या एका मराठी शाळेत मी शिवण शिकवायची. काजं, बटणं, झबलं, परकर, आणि वर्षाच्या शेवटी एक ब्लाउज, जो कुठल्याच मुलीला कधी नीट बसला नाही. एप्रिलात परीक्षा संपल्या आणि मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या प्रस्तावना कधी करत नसत.

"जूनपासून शिवणाचा तास बंद," त्या म्हणाल्या. "पालकांना कॉम्प्युटर हवाय. समोरच्या शाळेने पाटी लावलीय, पाहिलीत ना?"

पाहिली होती. आत कॉम्प्युटर होता की नाही देव जाणे, पण पाटी मोठी होती.

"आपल्या समितीने एक छोटा कॉम्प्युटर घ्यायला मंजुरी दिलीय. शिकाऊ लोकांचा असतो तसला, एकाच पट्टीवर सगळं बसवलेला. गणिताचे सर नाही म्हणाले. विज्ञानाच्या बाई म्हणतात, रक्तदाब वाढेल. राहता राहिलात तुम्ही."

"मी?"

"तुमचा मशीनवर हात बसलेला आहे. हेही मशीनच. सुट्टीत जाऊन निवडून आणा, शिका, आणि जूनमध्ये समितीपुढे चालवून दाखवा. जमलं तर तास तुमचा." मग चष्मा काढून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "नाही जमलं तर तुम्हाला द्यायला माझ्याकडे तासच उरत नाही हो."

म्हणजे नोकरी. मी "हो" म्हणाले. कॉम्प्युटर मी तोवर फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला होता, आणि त्या फोटोतही नक्की कशाला कॉम्प्युटर म्हणायचं ते मला कळलं नव्हतं. कपाटाला की त्याच्या शेजारी उभ्या माणसाला!

मे महिन्याच्या सुरुवातीला मी अंधेरीला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात कॉलेजांसाठी असले किट बनवतात, एवढी माहिती मोठ्या बाईंनी कुठूनशी काढली होती. माझ्यासोबत सासूबाई. त्यांचा जन्म कोकणातला, निम्मं आयुष्य गिरणीतल्या माणसाच्या संसारात गेलेलं, आणि सुनेने मशीन घ्यायला एकटीने जाणं त्यांना मंजूर नव्हतं. आमच्या घरातलं शिवणाचं मशीनही त्यांनीच पसंत केलं होतं. साकीनाक्यापर्यंत बसमध्ये त्या मला बजावत होत्या, "पहिलो भाव सांगल्यार हसायचा. बोलायचा नाय."

गाळ्याचे मालक दाढीवाले, तरुण, स्वतःच इंजिनिअर. टेबलावरचे चहाचे ग्लास बाजूला सारून त्यांनी तीन प्रकार मांडले.

पहिला म्हणजे नुसत्या पिशव्या. एका पिशवीत रंगीत पट्ट्यांचे मणी, एकीत काळे चौकोनी किडे, पायांसकट. एक हिरवी पट्टी, भोकं पाडलेली. हे सगळं घरी बसून आपण डाग देऊन जोडायचं.

दुसरा तयार. तीच हिरवी पट्टी, पण किडे बसवलेले, खाली कॅल्क्युलेटरसारखी बटणं, वर सहा आकडे उमटतील एवढी लाल काच. सोबत विजेचा एक जड डबा आणि एक पुस्तिका.

तिसऱ्याला मात्र रूप होतं. प्लॅस्टिकची गुळगुळीत पेटी, टाइपरायटरसारखी अक्षरं, वर झाकण.

सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "ह्यो झाकणवालो घे गो. धूळ बसाची नाय."

"आजी, त्याला टीव्ही जोडायला लागेल," मालक म्हणाले. "आणि कॅसेट प्लेअर. शाळेत आहे टीव्ही?"

शाळेत घंटासुद्धा तडकलेली होती. मी मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून ते मलाही सांगता येणार नाही. आपण काहीतरी विचारायला हवं असं वाटत होतं. मशीन घेताना माणूस जे विचारतो ते विचारलं.

"याला तेल कधी घालायचं?"

मालक माझ्याकडे पाहत राहिले. "तेल नाही लागत, मॅडम."

"बरं आहे," मी म्हणाले. जणू बाकीच्या कॉम्प्युटरांना लागत होतं आणि मी कंटाळले होते.

मग मी दुसरा किट हातात घेतला आणि उलटा केला. शिवणाची परीक्षा उलट्या बाजूने करायची, ही माझी रोजची सवय. सुलट बाजू सगळ्याच मुली छान करतात, गाठी मागे लपवतात. मी डागांच्या रांगा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. एकसारखे, चकचकीत, कुठे लोंबणारा धागा नाही. मी समाधानाने हुंकार दिला.

"काय बघताय मॅडम?"

"काम साफ आहे."

"ते होय? ते यंत्रावर होतं. सगळ्यांचं सेम असतं. त्याच्यावरून काही कळत नाही."

माझं एकुलतं एक ज्ञान असं तिथल्या तिथे निकालात निघालं. मग त्यांनी मला समजावायला घेतलं. पहिला किट घेतला तर कॉम्प्युटर कसा बनतो ते कळेल, दुसऱ्यात तो कसा चालतो ते कळेल, तिसऱ्यात त्याच्याकडून काम करून घेता येईल. "तुम्हाला काय शिकवायचंय?" त्यांनी विचारलं. फार चांगला प्रश्न. मला शिवण शिकवायचं होतं.

अर्धा तास मी त्या तिघांपुढे उभी. पहिला घ्यावा तर जोडता येईल का याची खात्री नाही. तिसरा घ्यावा तर टीव्ही नाही. दुसरा घ्यावा तर का घ्यावा ते कळेना. शेवटी मालकांनी दुसऱ्याला वीज जोडली, दोन-चार बटणं दाबली, आणि त्या काचेत लाल आकडे उमटले. "एक बटण दाबा, एक आकडा येणार. चुकलं तर पुसा, परत दाबा. सिंपल." चुकलं तर पुसा आणि परत करा, एवढं मात्र माझ्या ओळखीचं होतं. मी दुसरा घेतला. विचारपूर्वक निवड वगैरे म्हणू नका. बाकीचे दोन मला त्याहूनही कमी कळले होते, इतकंच.

निघताना सासूबाईंनी पदर खोचला. "आणि वर काय देतलंस?"

"वर?"

"भाजीवालो कोथमीर देता. तू काय देतलंस?"

त्यांनी बिचाऱ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. मे महिना चालू होता, पण सासूबाई खूश.

घरी आल्यावर खरी वाट लागली. पुस्तिका होती इंग्रजीत आणि तिच्यात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या आधाराने सांगितलेली. हे कळायला ते वाचा, ते कळायला हे वाचा. मी हे आणि ते दोन्ही पाठ केलं. बेरजेचा एक धडा होता. थ्री-ई, झीरो-टू, सी-सिक्स, झीरो-थ्री असं काहीबाही एकापुढे एक दाबत जायचं, मग चालवायचं बटण, आणि दोन अधिक तीनचं उत्तर काचेत. मी मंत्र म्हटल्यासारखी पुटपुटत दाबत गेले. झीरो-फाइव्ह आलं. पाच! मी सासूबाईंना स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

"दोन आणि तीन पाच झाले, बघा!"

"मगे?" त्या म्हणाल्या. "आधी किती होत होते?"

मी चिडून आठ आणि पाच घातले. काचेत आलं शून्य आणि डी. लहान डी, इंग्रजीतला. पुन्हा केलं. पुन्हा डी. पुस्तिकेत म्हणे नऊनंतर दहा येतच नाही, ए येतो, मग बी, असं करत पंधराला एफ, आणि सोळाला कुठे एकावर शून्य. का? ते पुस्तिकेत नव्हतं. मी तीनदा वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवलं. नोकरी डोळ्यांसमोरून जाताना दिसत होती, आणि जाताजाता मला डी म्हणत होती.

सासूबाई शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. "काय झाला?"

मी जमेल तसं सांगितलं. सोळापर्यंत जावं लागतं, मग पुढचं घर.

"सोळा आण्यांचो रुपयो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आठ आणे आणि पाच आणे, तेरा आणे. ह्या मशीन आण्यांत मोजता. तुका रडू कित्याक येता?"

मी बोटांवर मोजलं. ए दहा आणे, बी अकरा, सी बारा, डी तेरा. बरोबर होतं. त्या इंग्रजी पुस्तिकेत एवढी एक ओळ घालायला काय झालं होतं त्यांना! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, जमेल. आणि मला जमेल असं वाटलं की काहीतरी होतंच.

गाळा तळमजल्याचा, त्यामुळे किटच्या खोक्याला कुबट वास येत होता. सासूबाईंना तो वास पहिल्या दिवसापासून खटकत होता. मे महिन्यात आमच्या घरात जे काही असेल ते उन्हात जायचं, हा नियम. डाळी, गाद्या, मिरच्या, चिंच, लग्नातला शालू. ओल धरून ठेवलेली वस्तू पावसाळ्यात घात करते, हे त्या मला लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या, आणि अनुभवाने ते खरंही होतं. "तुझ्या त्या मशीनाक उनात घाल," त्या म्हणाल्या. मला पटलं. कुठेसं वाचलंही होतं की कॉम्प्युटरला दमट हवा चालत नाही.

घालण्याआधी मी त्याला पुसून काढलं. पुसताना दिसलं की सर्वांत मोठ्या काळ्या किड्याच्या पाठीवर कागदाचा तुकडा चिकटवलाय, त्यावर पेनाने काहीतरी खरडलेलं. नवीन भांडं घरात आलं की पहिलं काम काय? लेबल काढणं. तसंच भांडं वापरायला काढलं तर आमच्याकडे बाईला आळशी म्हणतात. मी नखाने कागद सोडवला. डिंक राहिला तो खोबरेल तेलाचं बोट फिरवून काढला. आणि खाली काय तर एक गोल काचेची इवलीशी खिडकी! आत चमकीच्या खड्यासारखं काहीतरी लुकलुकत होतं. इतकी सुंदर खिडकी कोणी कागदाने झाकतं का? मला त्या दाढीवाल्यांची कीव आली.

मिरच्या खडखडीत वाजेपर्यंत तो किट रोज गच्चीवर गेला. सकाळी सुपातून वर, संध्याकाळी खाली. मिरच्यांवर मी जुनं पातळ पसरायची कावळ्यांसाठी. किटवर नाही. त्याला ऊन नीट लागावं म्हणून खिडकी सूर्याकडे करून ठेवायची.

जून तोंडावर आला, मी वीज जोडली, आणि काचेत एका आकड्याची अर्धी दांडी पेटून तशीच राहिली. बटणं दाबली, काही नाही. वीज काढली, परत घातली. अर्धी दांडी. पुस्तिका वाचली. पुस्तिकेत अर्ध्या दांडीवर एक अक्षर नव्हतं. समितीपुढे चालवून दाखवायला एक आठवडा होता, आणि माझ्याजवळ होता उन्हात छान तापवलेला, कुबट वास गेलेला, मेलेला कॉम्प्युटर.

दुसऱ्याच दिवशी मी पिशवीत किट घालून अंधेरीला. या वेळी एकटी. दाढीवाल्यांनी तो हातात घेतला, पाहिला, आणि त्यांचं बोट त्या खिडकीवर थांबलं.

"मॅडम, इथला कागद कुठाय?"

"काढला."

"का?"

"नव्या भांड्यावरचा काढत नाही का आपण?"

त्यांनी किट टेबलावर ठेवला. मग अगदी डॉक्टरसारखं विचारलं, "त्यानंतर कुठे ठेवला होता?"

मी सांगितलं. गच्ची, सूप, मिरच्या. सगळं. खोबरेल तेलसुद्धा. लपवून करायचं काय होतं? ते उठले, शेजारच्या गाळ्यात गेले आणि दोन माणसांना घेऊन आले. "सांगा मॅडम, परत सांगा."

परत सांगितलं. एक जण हसता हसता खाली बसला.

नंतर त्यांनी पाणी देऊन समजावलं. त्या किड्याच्या पोटात मशीनला शिकवलेलं सगळं असतं, कुठलं बटण दाबलं की काय करायचं ते. ते पुसायचं असेल तर त्या काचेतून आत प्रकाश सोडतात. म्हणून वर कागद. "आमच्याकडे त्याच्यासाठी खास दिव्याची पेटी आहे, यार. तुम्ही डायरेक्ट सूर्य लावलात."

"म्हणजे आता तो सगळं विसरला?"

"सगळं."

माझे डोळे भरून आले असणार, कारण ते घाईने म्हणाले, "अहो, परत भरून देतो ना. आत्ता. बसा." त्यांनी तो किडा उपटला, आधी त्यांच्या पेटीत ठेवला, "तुमच्या उन्हाचा काय भरवसा, एकदा नीट पुसून घेतो," असं म्हणत. मग दुसऱ्या यंत्रात घालून काहीतरी केलं. मी स्टुलावर बसून होते. काय चाललंय ते विचारायची छाती नव्हती. शेवटी खिडकीवर काळी टेप लागली, वीज जोडली, आणि लाल आकडे उजळले. "आता हे काढायचं नाही," ते म्हणाले. "कितीही घाण दिसलं तरी."

शाळा उघडली आणि ठरल्या दिवशी आठवीच्या वर्गात समिती आली. समिती म्हणजे दोन गृहस्थ आणि मोठ्या बाई. मुली मागच्या बाकांवर, हाताची घडी घालून. मी दोन अधिक तीन केले. झीरो-फाइव्ह आलं.

"हे तर मुली बोटांवर करतील," जाड गृहस्थ म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मी तयारी केली होती. पुस्तिकेच्या शेवटी एक धडा होता, ज्यात आकडे आपोआप एकापुढे एक चढत जातात. बराच लांब. घरी एकदा चालला होता, दोनदा नाही. मी दाबायला लागले. दाबून झालं, चालवायचं बटण दाबलं. काच रिकामी.

"संपलं?" बारीक गृहस्थांनी विचारलं.

"एक मिनिट हं."

पहिल्यापासून. दाबलेला प्रत्येक आकडा आत आपापल्या घरात साठतो, ते एकेक घर उघडून पाहत, आत काय दाबलंय ते पुस्तिकेशी ताडत. चहा आला. चहा संपला. जाड गृहस्थांना दुसरीकडे मीटिंग होती, ते गेले. बारीक गृहस्थांनी डोळे मिटले. घाम माझ्या पाठीवरून सरळ खाली चालला होता आणि मला एकच दिसत होतं: पुढच्या महिन्यात घरी बसून लोकांचे ब्लाउज शिवायचे. एका घरात सी-टूच्या जागी सी-थ्री होतं. का आलं, मीच दाबलं की त्यानेच बदललं, मला आजतागायत माहीत नाही. ते पुसलं, सी-टू केलं. तरी नाही. आणखी पुढे एक चूक. तीही पुसली.

मग बटण दाबलं आणि आकडे धावायला लागले. झीरो-वन, झीरो-टू... नऊ, ए, बी, सी... मागे बाकांचा खरखराट झाला. मी वळून पाहिलं तर सगळ्या मुली पुढे आलेल्या, टेबलाभोवती, एकमेकींच्या खांद्यांवरून वाकून. "बाई, हे ए काय?" "बाई, कितीपर्यंत जाणार?" "बाई, थांबवा ना, मला दाबू दे!" थांबवायचं कसं ते मला येत नव्हतं. पुस्तिकेत असेल कुठेतरी. मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. वर्ग हळहळला. बारीक गृहस्थ जागे झाले, "छान, छान" म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

समितीला काय वाटलं, छान म्हणजे होय की नाही, मला काही उमगेना. मी वायर गुंडाळत बसले. मुली गेल्या. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "मग माझं काय?" त्या आत आल्या, त्या हिरव्या पट्टीकडे जरा वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या:

"मला यातलं ओ की ठो कळलं नाही. तुम्हालाही फारसं कळलेलं नाही, ते दिसतंय. पण मुली न सांगता बाकावरून उठल्या, असं मी या शाळेत कधी पाहिलं नव्हतं. सोमवारपासून तास घ्या. मुलींच्या एक दिवस पुढे राहा, बास."